न्यायाची मालकी बदलली तेव्हा : युरोपातल्या सरंजामशाहीच्या उदयाचा आढावा

शार्लमेनच्या काळात, म्हणजे इ.स. ८०० च्या आसपास, बर्गंडीतल्या माकाँ परगण्यातल्या एखाद्या मुक्त शेतकऱ्याच्या जमिनीवर कोणी हक्क सांगितला, तर त्याला दाद मागायला जागा होती. राजाने नेमलेला काउंट ठरावीक दिवशी सभा भरवी, गावोगावचे मुक्त पुरुष तिथे जमत, साक्षी होत आणि निवाडा राजाच्या नावाने दिला जाई. हा न्याय नेहमी निर्मळ असे असे नाही. काउंट पैसे खात, साक्षीदार फिरत. पण सभा सगळ्यांची होती. सव्वादोनशे वर्षांनी, इ.स. १०३० च्या सुमारास, त्याच परगण्यातल्या शेतकऱ्याला न्यायासाठी जवळच्या गढीवर जावे लागे. गढीचा मालक निवाडा देई, दंड वसूल करी आणि तो स्वतःच्याच पेटीत टाकी. खुद्द त्याच्याविरुद्ध तक्रार असेल, तर ती ऐकायला वर कोणी उरले नव्हते. हा बदल करणारा कायदा कोणी केला नाही, कोणी बाहेरच्या राजाने परगणा जिंकूनही घेतला नाही. युरोपात सरंजामशाही कशी आली, या प्रश्नाचा गाभा माझ्या मते इथे आहे : न्याय आणि संरक्षण ही जी सार्वजनिक गोष्ट होती, ती वारसाहक्काने मिळणारी खाजगी मालमत्ता कशी झाली?

शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला वेगळेच चित्र मिळालेले असते. वर राजा, त्याखाली सरदार, त्याखाली मांडलिक, तळाशी शेतकरी. प्रत्येकाने वरच्याला इमान द्यायचे आणि बदल्यात जमीन घ्यायची. बेल्जियन इतिहासकार गान्सहोफ याने १९४४ साली हेच चित्र कायद्याच्या अंगाने अतिशय नेटकेपणाने मांडले. त्याच्या दृष्टीने शपथ आणि जहागीर या दोन गोष्टींचा मेळ म्हणजे सरंजामशाही. त्याच्या थोडे आधी, १९३९ आणि १९४० साली, मार्क ब्लॉक याचे ‘सरंजामी समाज’ दोन खंडांत प्रसिद्ध झाले होते. ब्लॉकला एवढ्याने समाधान नव्हते. रस्ते किती वाईट होते, चलन किती दुर्मीळ होते, लोक काळ कसा मोजत, नातेवाईक कोणाला मानत, मरणाची भीती किती जवळ होती, हे सगळे त्याने एका समाजाच्या घडणीत बसवून दाखवले. दोन्ही महायुद्धांत लढलेला हा प्राध्यापक पुढे ल्योंमध्ये जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात उतरला आणि १६ जून १९४४ रोजी जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. मध्ययुगावर त्याच्यानंतर लिहिणारा प्रत्येक जण त्याच्याशी सहमत होऊन किंवा भांडून लिहितो. मलाही त्याचीच वाट अधिक खरी वाटते.

सुरुवात कुठून धरायची यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. जर्मन अभ्यासकांना मूळ जर्मन टोळ्यांच्या योद्ध्यांमध्ये दिसे, फ्रेंचांना रोममध्ये. राष्ट्राभिमान बाजूला ठेवला तर दोन्हींत तथ्य आहे. रोमन साम्राज्याच्या उतारकाळात मोठे जमीनदार कर चुकवणाऱ्या गावांना आपल्या छत्राखाली घेत आणि बदल्यात त्यांची जमीन घेत. इ.स. ३३२ च्या कायद्याने कॉन्स्टंटाइनने कुळांना जमिनीशी बांधले. पळून जाण्याचा बेत करणाऱ्याला बेड्या घालाव्यात असे त्यात आहे. ४७६ नंतर पश्चिमेत सम्राट उरला नाही, पण ही कुळे आणि हे जमीनदार उरले. त्यांच्यावर जे फ्रँक, गॉथ, बर्गंडियन राजे आले, त्यांचे बळ त्यांच्याभोवतीच्या शपथबद्ध लढवय्यांत होते. रोमन पद्धतीचा जमीनकर हळूहळू बंद पडला. कर बंद पडला की पगारी सैन्य बंद, आणि पगार नसला की लढणाऱ्याला द्यायला राजाजवळ जमिनीखेरीज काही राहत नाही. ख्रिस विकहॅमने २००५ सालच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात करावर चालणारे राज्य आणि जमिनीवर चालणारे राज्य हा जो फरक पायाशी घेतला आहे, तो मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत उपयोगी वाटतो.

मधल्या काळात एकाच कारणाने सगळे उलगडू पाहणारे सिद्धांत येऊन गेले. इतिहासकार आंरी पिरेनच्या मते सातव्या-आठव्या शतकात अरबांनी भूमध्य समुद्राचा ताबा घेतल्याने व्यापार आटला आणि युरोप शेतीवर येऊन पडला; हे मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, छापला गेला. आज पुरातत्त्वाने दाखवले आहे की पश्चिम भूमध्यातला व्यापार अरब येण्याच्या आधीपासूनच खंगत चालला होता. लिन व्हाइट याने १९६२ साली रिकिबीवर बोट ठेवले. रिकीब आल्यामुळे घोडेस्वार भाला काखेत दाबून पूर्ण वेगाने आदळू शकला, असा स्वार महाग पडतो म्हणून आठव्या शतकातला फ्रँक सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याने चर्चच्या जमिनी घेऊन त्याला दिल्या, आणि त्यातून नवा वर्ग जन्मला, असे त्याचे म्हणणे. हिल्टन आणि सॉयर यांनी पुढच्याच वर्षी त्याचे पुरावे तपासून बहुतेक मोडीत काढले. ७३२ साली प्वातियेला अरबांना अडवणारे फ्रँक बहुतांशी पायीच लढले होते. तरी व्हाइटच्या मांडणीतला एक धागा खरा ठरतो : युद्ध महाग झाले, आणि ते कोणाला परवडले यावर समाजाची फाळणी झाली.

हा धागा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्यासाठी आकडे आहेत. ऱ्हाइनकाठच्या रिपुआरियन फ्रँकांच्या कायद्यात वस्तूंच्या किमती सॉलिडस या नाण्यात दिल्या आहेत. धडधाकट बैल २ सॉलिडस, चिलखत १२ सॉलिडस, शिरस्त्राण ६, म्यानासह तलवार ७. म्हणजे नुसत्या चिलखताला सहा बैल, आणि त्यावर घोडा वेगळा. शार्लमेनच्या ८०८ सालच्या हुकमाप्रमाणे चार मान्सूस जमीन असलेल्या मुक्त माणसाने स्वखर्चाने लष्करात यायचे होते. मान्सूस म्हणजे एका कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन. ज्यांच्याकडे कमी असेल त्यांनी एकत्र येऊन आपल्यातल्या एकाला सज्ज करायचे. मोहीम उन्हाळ्यात असे, नेमकी कापणीच्या दिवसांत, आणि साम्राज्य वाढले तसे पिरेनीजपासून डॅन्यूबपर्यंत कुठेही जावे लागे.

८११ साली शार्लमेनने लोक लष्करात यायला का टाळाटाळ करतात याची चौकशी केली. तिची नोंद शिल्लक आहे आणि ती वाचताना संताप येतो. गरीब लोक सांगतात की जो आपली जमीन बिशपला, मठाधिपतीला, काउंटला किंवा त्याच्या हाताखालच्या अंमलदाराला लिहून देत नाही, त्याच्यावर काहीतरी निमित्त काढून खटला केला जातो आणि त्याला प्रत्येक मोहिमेवर पाठवले जाते. तो पार नागवला जाऊन जमीन देईपर्यंत हे चालते. ज्यांनी जमीन दिली ते सुखाने घरी बसतात. सार्वजनिक कर्तव्य वसूल करण्याचा अधिकार हातात आला, की तेच हत्यार खाजगी लुटीचे कसे होते, हे इथे खुद्द सम्राटाच्या दप्तरात नोंदले गेले आहे. मुक्त शेतकऱ्याचा ऱ्हास शार्लमेनच्या वैभवाच्या काळातच सुरू झाला होता. त्याच्या वंशजांच्या दुबळेपणाला सगळा दोष देणे म्हणूनच बरोबर नाही.

ज्याने जमीन लिहून दिली त्याचे पुढे काय होई? तूर नगरीच्या लेखनिकांनी आठव्या शतकात वापरलेल्या मसुद्यांमध्ये एक नमुना आहे. अन्नवस्त्राला महाग झालेला माणूस धन्याच्या स्वाधीन होतो, जिवंत असेपर्यंत मुक्त माणसाला शोभेल अशी सेवा करण्याचे कबूल करतो, आणि धनी त्याला खाऊ-पिऊ घालण्याचे मान्य करतो. बाहेर पडण्याची मुभा नाही. अशा स्वाधीन झालेल्या माणसाचे पुढच्या पिढ्यांतले जिणे कसे असे, ते पॅरिसजवळच्या सँ-जर्मँ-दे-प्रे मठाच्या नोंदवहीत दिसते. मठाधिपती इर्मिनोने ८२० च्या दशकात ती करवून घेतली. तिच्यात गावागणिक कुळे, त्यांच्या बायका, मुले, जमीन आणि देणी लिहिली आहेत. त्यांतल्या बोदो आणि एर्मेंत्रूद या जोडप्याला आयलीन पॉवर या इतिहासकार बाईंनी १९२४ साली आपल्या पुस्तकातून जगासमोर आणले. तीन मुले असलेल्या या घराने मठाला ३ कोंबड्या आणि १५ अंडी द्यायची, दर तिसऱ्या वर्षी कुंपणासाठी १०० फळ्या द्यायच्या, डुकरे रानात चारण्याबद्दल दारू द्यायची, आणि वर दर आठवड्याला मठाच्या जमिनीवर वेठ करायची. या वहीत बोदो कागदोपत्री मुक्तच आहे. त्याच वहीत गुलामही आहेत, थोडे. पुढच्या दोनशे वर्षांत हे दोन वर्ग एकमेकांत मिसळले. गुलामाला झोपडी आणि शेत मिळाले, मुक्त कुळाने जाण्या-येण्याचे आणि हव्या त्याच्याशी लग्न करण्याचे स्वातंत्र्य गमावले, आणि दोघांचा मिळून भूदास झाला.

आता वरची बाजू. ८४३ च्या व्हर्दँ तहाने साम्राज्य शार्लमेनच्या तीन नातवांत, म्हणजे तीन भावांत, वाटले गेले. भाऊ एकमेकांशी लढत, आणि सरदारांना आपल्याकडे ठेवण्यासाठी प्रत्येक जण जमिनी वाटे. ८४७ साली मेर्सेनला जाहीर झाले की पश्चिम राज्यातल्या प्रत्येक मुक्त माणसाने राजा किंवा त्याच्या इमानदारांपैकी कोणी धनी निवडावा. ८७७ साली इटलीच्या मोहिमेवर निघताना पश्चिम राज्याचा राजा टकल्या चार्ल्स याने क्येर्झीला सरदारांना आश्वासन दिले : मोहीम चालू असताना काउंट मेला तर त्याच्या मुलाच्या हक्काची काळजी घेतली जाईल. हा काही वारसाहक्काचा सर्वसाधारण कायदा नव्हता, तात्पुरती सोय होती. पण राजाला अशी सोय जाहीर करावी लागली, यावरूनच मुलगा बापाच्या जागी बसणे किती अंगवळणी पडले होते ते कळते. चार्ल्स त्याच वर्षी परतीच्या वाटेवर वारला.

याच आणि पुढच्या दशकांत बाहेरून हल्ले होत होते. उत्तरेकडून नॉर्स, पूर्वेकडून मॅग्यार, दक्षिणेकडून समुद्रमार्गे अरब. राजा दूर, शत्रू दारात, म्हणून लोक स्थानिक बलवानाच्या आश्रयाला गेले, असे साधारणपणे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण ८५९ सालची एक घटना या सोप्या कथेत बसत नाही. सेन आणि ल्वार नद्यांच्या मधल्या मुलखातल्या सामान्य लोकांनी आपसात शपथ घेऊन संघटना उभी केली आणि डेन हल्लेखोरांशी सेनकाठी शौर्याने लढा दिला. सँ-बेर्तँच्या बखरीत पुढे नोंद आहे की त्यांना मारून टाकले ते फ्रँक सरदारांनी. बखरकाराच्या मते लोकांनी अविचाराने एकजूट केली होती. एवढ्या दोन ओळींच्या नोंदीत मला सगळ्या प्रश्नाची किल्ली सापडते. संरक्षण देणारा वर्ग आपोआप पुढे आला, असे झाले नाही. संरक्षण करण्याचा मक्ता आपल्याकडेच राहावा यासाठी त्या वर्गाने स्वतःचा बचाव करू शकणाऱ्या शेतकऱ्यांना शत्रूच्या आधी मोडून काढले.

मक्त्याचे दृश्य रूप म्हणजे गढी. ८६४ साली पित्रच्या हुकमात टकल्या चार्ल्सने परवानगीविना बांधलेल्या गढ्या पाडण्याचा आदेश दिला होता. तो फार काळ कोणी मानला नाही. ल्वारच्या खोऱ्यातल्या दुए-ला-फोंतेन इथल्या उत्खननात नवव्या-दहाव्या शतकातला एक दगडी वाडा सापडला आहे. तो जळाल्यावर त्याचा तळमजला बुजवून, वर मजले चढवून त्याचा बुरूज करण्यात आला. राहण्याच्या वाड्याची गढी कशी झाली ते तिथे भिंतींतच वाचता येते. आंजूचा काउंट फुल्क नेरा याने ९९४ च्या सुमारास लांजे इथे दगडी बुरूज बांधला आणि आपल्या मुलखाच्या सीमेवर अशी ठाणी उभी केली. पण काउंटच्या गढीत बसवलेला किल्लेदारही काउंटने राजाशी जे केले तेच शिकला. दोन पिढ्यांत गढी त्याच्या घराण्याची झाली. सत्तेचे तुकडे राजापाशी थांबले नाहीत. ते एका दिवसात घोड्यावरून फेरी मारता येईल एवढ्या टापूपर्यंत आले.

जॉर्ज द्यूबी याने १९५३ साली माकाँ परगण्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने हे पाऊल-पाऊल दाखवले. ९१० साली स्थापन झालेल्या क्लुनी मठाच्या हजारो सनदा त्याच्या हाती होत्या. दहाव्या शतकाच्या अखेरपर्यंत काउंटची सभा चालते, नंतर तिथे येणारे मोठे लोक येईनासे होतात, मग ती काउंटच्या खाजगी माणसांची बैठक उरते. त्याच सुमारास सनदांमध्ये ‘वाईट रिवाजां’विषयी तक्रारी दिसू लागतात. किल्लेदार आपल्या गढीभोवतीच्या सगळ्यांकडून, मग ते त्याच्या जमिनीवरचे कूळ असोत वा नसोत, वसुली करू लागतो. दळण त्याच्याच गिरणीत, भाकरी त्याच्याच भट्टीत, द्राक्षे त्याच्याच घाण्यात. प्रत्येक ठिकाणी त्याचा वाटा. याच काळात जड नांगर, नवी मोडलेली रानजमीन आणि पाणचक्क्या यांमुळे उत्पन्न वाढत होते. वाढलेले उत्पन्न कोणाकडे जाणार, याचा निकाल या वसुलीने लावला. नॉर्मंडीत ९९६ च्या सुमारास शेतकऱ्यांनी सभा भरवून जंगल आणि पाण्यावर आपले जुने हक्क सांगितले, तर काउंट राउलने त्यांच्या प्रतिनिधींचे हातपाय तोडून त्यांना गावी परत पाठवले.

चर्चची भूमिका दुहेरी होती. लाँचा बिशप आदाल्बेरो याने समाजाचे प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे असे तीन भाग दैवी ठरवून टाकले. दुसरीकडे ९८९ च्या शारू इथल्या परिषदेपासून बिशप आणि मठाधिपती निःशस्त्र लोकांवर, चर्चवर आणि शेतकऱ्यांच्या जनावरांवर हात टाकणाऱ्यांना बहिष्काराचा धाक देऊ लागले. या ‘देवाच्या शांतते’च्या सभांना मोठी गर्दी जमे. त्यात मठांना स्वतःच्या मालमत्तेची काळजी होतीच, पण सभा भरण्याची आणि दाद मागण्याची जुनी गरजही त्या गर्दीत बोलत होती, असे मला वाटते.

आणि शपथ? तिचे शास्त्र शार्त्रचा बिशप फुल्बेर याने १०२० च्या सुमारास आक्विटेनच्या ड्यूकला पत्राने कळवले. मांडलिकाने धन्याच्या शरीराला, गढीला, न्यायाधिकाराला, मालमत्तेला इजा करू नये. शिवाय सल्ला आणि मदत द्यावी. आणि धन्यानेही तसेच वागावे. व्यवहार कसा होता हे त्याच ड्यूकबद्दलच्या दुसऱ्या एका कागदात आहे. ड्यूकचा मांडलिक, लुझिन्याँचा सरदार यूग, १०२८ च्या सुमारास आपल्या तक्रारी एकामागून एक लिहवून घेतो : ड्यूकने गढी कबूल केली, दिली नाही, लग्न ठरवले, मोडले, शत्रूविरुद्ध मदत करतो म्हणाला, आला नाही. ड्यूक त्याला सुनावतो की तू इतका माझा आहेस की एखाद्या शेतकऱ्याला धनी मान म्हटले तरी मानले पाहिजे. शेवटी यूग बंड करतो, लुटालूट करतो आणि तडजोडीत काकाची जहागीर मिळवतो. शपथ हा इथे कायदा नाही, सौदेबाजीची भाषा आहे.

अशा कागदांमुळेच गेल्या पन्नास वर्षांत जुन्या नेटक्या चित्राला तडे गेले. एलिझाबेथ ब्राउन यांनी १९७४ साली ‘सरंजामशाही’ ही संज्ञाच टाकून द्या असे म्हटले. सुझन रेनल्ड्स यांनी १९९४ साली दाखवले की जहागीर आणि मांडलिकत्वाचे घट्ट नियम बाराव्या शतकानंतरच्या वकिलांचे आहेत आणि ते मागच्या शतकांवर लादले गेले. दोघींचे म्हणणे मला पटते, पण त्याने फक्त राजा ते सरदार हा वरचा भाग ढासळतो. बोदोच्या कोंबड्या आणि गढीवरची भट्टी जागच्या जागी राहतात. त्याच १९९४ साली टॉमस बिसन यांनी सहस्रकाच्या आसपास ‘सरंजामी क्रांती’ झाली असे मांडले. दोमिनिक बार्तेलेमी यांनी उत्तर दिले की बदलली ती भिक्षूंची लिहिण्याची रीत, हिंसा आणि खाजगी सत्ता आधीपासूनच होती. मला वाटते ८११ ची चौकशी बार्तेलेमींच्या बाजूने साक्ष देते आणि माकाँची ओस पडलेली सभा बिसनच्या बाजूने. दडपण जुने होते. त्यावर दाद मागण्याचे ठिकाण नाहीसे होणे ही नवी गोष्ट होती.

प्रदेशांचा फरक हेच सांगतो. कॅटलोनियात हा उलथापालथीचा काळ १०२० नंतरचा, तोही रक्तरंजित. रोमभोवतीच्या लात्सिओत जमीनदारांनी दहाव्या शतकातच विखुरलेल्या शेतकऱ्यांना टेकड्यांवरच्या तटबंद गावांत वसवले. फ्रिसियात सरंजामदार जवळजवळ रुजलेच नाहीत. आणि १०६६ नंतरच्या इंग्लंडमध्ये जहागिरी आणि शपथा फ्रान्सपेक्षा जास्त शिस्तशीर होत्या, पण परगण्याच्या जुन्या सभा राजाने जिवंत ठेवल्या, म्हणून मुक्त माणसाला राजाच्या न्यायापर्यंत पोचता आले. भूदासाला मात्र नाही. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात काम केलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ साली भारताच्या इतिहासाबद्दल लिहिताना ‘वरून’ आलेली आणि ‘खालून’ उगवलेली सरंजामशाही असा भेद केला. तो आपल्याकडच्या वादासाठी केलेला असला तरी युरोपच्या अभ्यासालाही लागू पडतो. क्येर्झीचे आश्वासन वरून आले, गढीवरची भट्टी खालून.

बाराव्या शतकात फ्लँडर्समध्ये या व्यवस्थेचे दोन टोकांचे परिणाम एका वर्षाच्या अंतराने दिसतात, आणि ब्रूजचा लेखनिक गाल्बेअर दोन्हींचा साक्षीदार आहे. २ मार्च ११२७ रोजी तिथल्या काउंट चार्ल्सचा चर्चमध्ये खून झाला. मारणारे एरेंबाल्ड घराणे त्या काळी फ्लँडर्समधले अतिबलाढ्य होते, आणि त्यांचे मूळ भूदासाचे आहे हे काउंट सिद्ध करू पाहत होता, एवढ्यावरून हे घडले. नव्या काउंटला, विल्यम क्लितोला, लोकांनी हात हातात देऊन, मुका घेऊन, संतांच्या अवशेषांवर हात ठेवून इमान दिले, आणि त्यानेही शहरांना जकातमाफीसारखी वचने दिली. ती त्याने मोडली. फेब्रुवारी ११२८ मध्ये घेंटच्या नागरिकांच्या वतीने आल्स्टचा सरदार इवान याने त्याला तोंडावर सांगितले की तुम्ही शपथ मोडली आहे. ईपर शहरात सरदार, धर्मगुरू आणि लोक यांची सभा बोलवा, आणि तिथे दोषी ठरलात तर सत्ता सोडा. क्लितोने सभेऐवजी इवानला द्वंद्वाचे आव्हान दिले आणि ठरल्या दिवशी ईपर हत्यारबंद माणसांनी भरून टाकले. जुलैत आल्स्टच्या वेढ्यात जखमी होऊन तो मेला. राज्यकर्त्याने करार मोडला तर त्याला न्यायासमोर उभे करता येते, ही कल्पना ब्लॉकला सरंजामी समाजाचे मोठे देणे वाटली. घेंटच्या व्यापाऱ्यांनी आणि विणकरांनी ती उचलली, कारण त्यांच्याकडे तटबंदी होती, पैसा होता आणि शपथ घेऊन एकत्र येण्याची मुभा त्यांनी मिळवली होती. तटाबाहेरच्या खेड्यांतल्या कुळांना ही तिन्ही साधने नव्हती, आणि ईपरच्या सभेसाठी त्यांचे नावही कोणी सुचवले नाही.